स्पीड टेस्ट चांगली येते, तरी कॉल तुटतो: वायरलेस ब्रॉडबँडवर प्राधान्य कुठे लावायचं आणि ते का लागत नाही

हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं तरी पुढचं ठाऊक असतं. ‘वेग तर पूर्ण येतोय, राउटरमध्ये कॉलला प्रायॉरिटीही दिली आहे, तरी आवाज तुटतो.’ वापरणाऱ्याची चूक क्वचितच असते. प्राधान्य दिलेलं असतं, पण जिथे रांग लागलेली असते तिथे ते दिलेलं नसतं. छतावरचा अँटेना असो, खिडकीत ठेवलेला ४जी-५जी राउटर असो, गोष्ट तीच. खाली दिलेल्या क्रमानेच जा. बहुतेकांचं काम तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आतच होतं आणि तिथवर एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

यातली तीन-चार एकत्र दिसली तर हाच बिघाड समजा.

- कॉलवर तुम्हाला समोरच्याचं सगळं नीट ऐकू येतं, पण समोरचा म्हणतो, ‘तुमचा आवाज तुटतोय.’
- कुणीतरी फोटो किंवा फाइल पाठवायला घेतली की त्याच क्षणी सगळ्यांचं नेट बसतं.
- पान उघडायला पाच-सात सेकंद लागतात, पण एकदा सुरू झालं की भराभर येतं.
- खेळताना लॅग अधूनमधून उसळतो आणि आपोआप शांत होतो.
- फोन चार्जिंगला लागले की त्रास सुरू होतो. (हे लक्षण फार बोलकं आहे, त्याबद्दल पुढे.)
- राउटर बंद-चालू केला की दहा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच.
- क्यूओएस (राउटरमधली प्राधान्य देण्याची सोय) चालू केल्यावर काही फरक पडला नाही, किंवा उलट वेगच अर्ध्यावर आला.

नेट पूर्णच जात असेल, किंवा कुणीही काही वापरत नसतानाही संथ असेल, तर तो बिघाड वेगळा. तेव्हा पहिली तपासणी करून थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी दोन मिनिटं रांगेबद्दल

तुमच्या घरातल्या वाय-फायचा वेग शेकड्यांत असतो. टॉवरकडे जाणारा अपलोडचा रस्ता मात्र पाच-दहा एमबीपीएसचा, कधी एक-दोनचाच. रुंद रस्त्यावरून आलेली गर्दी अरुंद तोंडाशी अडते, म्हणून रांग त्या तोंडाशी लागते. ते तोंड म्हणजे मोडेम, छतावरचं रेडिओ युनिट किंवा ४जी राउटरमधला रेडिओचा भाग. तिथे एक साठवण असते, तिला बफर म्हणतात, आणि बनवणाऱ्यांनी ती सढळ हाताने ठेवलेली असते. हिशेब करून बघा. २५६ किलोबाइटचा बफर भरला आणि अपलोड १ एमबीपीएस असला, तर तो रिकामा व्हायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. नेटवर सगळा माल छोट्या तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातो; तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट दोन सेकंद रांगेत उभं. दूरध्वनी संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. दोन सेकंद म्हणजे त्याच्या तेरापट.

या भरलेल्या रांगेला ‘बफरब्लोट’ म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांनी हे नाव रूढ केलं.

स्पीड टेस्टच्या मुख्य आकड्यांत हे दिसत नाही, कारण ती एका वेळी किती माल जातो ते मोजते आणि पिंग (छोटं पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) बहुधा रस्ता रिकामा असताना, सुरुवातीलाच घेते. रांग कितीही लांब असली तरी माल पूर्ण वेगानेच जात असतो.

आता मुख्य मुद्दा. राउटर एखाद्या पॅकेटला पुढे कधी काढू शकतो? त्याच्याजवळ रांग असेल तेव्हाच. रांग मोडेममध्ये असेल तर राउटरकडे पॅकेट आलं की लगेच पुढे जातं. निवड करायला तिथे काही शिल्लकच नसतं. तुम्ही कॉलला ‘हाय’ लिहा की ‘हायेस्ट’, ते पॅकेट मोडेमच्या रांगेत शेवटीच उभं राहणार. म्हणून रांग आधी आपल्या ताब्यातल्या डब्यात ओढून आणायची, मग प्राधान्य. पुढची सगळी खटपट यासाठीच आहे.

पहिली तपासणी: दोन खिडक्या, दोन पिंग

लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) सतत पिंग लावा, दुसरीत बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. दोन मिनिटं शांत बघा. मग एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि दोन्ही आकडे पुन्हा बघा. ती थांबवून मोठी फाइल उतरवा आणि तिसऱ्यांदा बघा. आकडे कागदावर लिहून ठेवा; शेवटपर्यंत लागतील.

रिकाम्या वेळी राउटरचं पिंग वाय-फायवर १ ते ५ मिलिसेकंद, तारेने १ च्या आत. बाहेरचं पिंग छतावरच्या अँटेनावर साधारण १० ते ३०, ४जी वर ३० ते ६०. ४जी चं थोडं जास्त असणारच, कारण तिथे पाठवायचं काही असलं की उपकरणाला टॉवरकडून आधी वेळ मागून घ्यावी लागते.

चढवताना राउटरचं पिंग तसंच राहिलं आणि बाहेरचं ३००, ८००, २००० असं चढत गेलं, तर दुसऱ्या तपासणीकडे चला. राउटरचंच पिंग उसळलं तर दोष घरातल्या हवेत आहे, तेव्हा तिसऱ्या तपासणीकडे जा. दोन्ही स्थिर आणि तरी कॉल तुटतो, तर समोरच्याच्या टोकाला हीच तपासणी करायला सांगा. आणि काहीच चालू नसताना बाहेरचं पिंग उड्या मारत असेल किंवा पॅकेट हरवत असतील, तर थेट शेवटचा भाग वाचा.

एक सावधगिरी: काही राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतात. एखादी उसळी म्हणजे काही नाही. सलग अर्धा मिनिट आकडा चढलेला राहिला तरच तो धरायचा.

ही पायरी लोक टाळतात आणि थेट सेटिंगमध्ये घुसतात. मग बदल उपयोगी पडला की नाही हे कळायला काही मापच उरत नाही.

दुसरी तपासणी: अपलोड भरतंय कोण?

नव्वद टक्के लक्ष डाउनलोडवर असतं आणि चोर अपलोडमध्ये सापडतो. वायरलेस जोडणीत अपलोड अरुंद असतं, आणि ते भरलं की डाउनलोडही मरतं. कारण उतरणाऱ्या प्रत्येक मालाची पोच वर पाठवावी लागते. पोच रांगेत अडकली की पाठवणारा सर्व्हर हात आखडता घेतो. म्हणून ‘मी तर काही पाठवत नाही, नुसतं बघतोय’ म्हणणाऱ्यालाही फटका बसतो.

आता चार्जिंगचं लक्षण. फोटोंचा आपोआप बॅकअप बऱ्याच फोनमध्ये वाय-फाय आणि चार्जर दोन्ही मिळाल्यावर जोर धरतो. चार माणसांनी एकाच वेळी फोन चार्जिंगला लावले की चार बॅकअप एकदम सुरू. राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटतं, तेही यातच आहे. चालू अपलोड तुटतात, ॲप काही मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करतं, तेवढा वेळ रस्ता मोकळा. राउटर सुधारलेला नसतो.

इतर नेहमीचे गुन्हेगार म्हणजे क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारे कॅमेरे, लॅपटॉपचं फोल्डर सिंक, आणि अपडेटचे तुकडे इतर संगणकांना वाटणारी सुविधा. एका ठिकाणी मी दोन तास राउटर उलटापालटा केला, आणि शेवटी दोन कॅमेरे सापडले, जे सगळं चित्रण सर्वोच्च दर्जाने वर पाठवत होते. दर्जा एक पायरी खाली आणला आणि काम झालं. तेव्हापासून ही तपासणी मी राउटरला हात लावण्याआधी करतो.

राउटरच्या पानावर उपकरणांनुसार अपलोड दिसत असेल तर तिथे बघा. नसेल तर एकेक उपकरण वाय-फायवरून काढा आणि दुसऱ्या खिडकीतल्या पिंगवर नजर ठेवा. आकडा धपकन खाली आला की तोच. मग त्या ॲपमध्येच मर्यादा घाला किंवा वेळ रात्री उशिराची ठेवा. बऱ्याच बॅकअप ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालायची सोय असते. उगमाशी घातलेली मर्यादा राउटरमधल्या कोणत्याही नियमापेक्षा भरवशाची.

तिसरी तपासणी: घरातली हवा की बाहेरची?

वायरलेस ब्रॉडबँडमध्ये दोन हवा असतात: टॉवर ते तुमचं युनिट, आणि राउटर ते तुमचा फोन. दोन्हींना लोक ‘नेट’च म्हणतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. लॅपटॉप राउटरला तारेने जोडा आणि पहिली तपासणी पुन्हा करा. तारेवर त्रास गेला तर बाहेरच्या जोडणीला दोष देऊ नका.

घरातल्या हवेत आधी बघायचं ते डब्ल्यूएमएम. वाय-फायचं हे स्वतःचं प्राधान्य. २००५ च्या ८०२.११ई या मानकातून ते आलं. यात चार वर्ग असतात: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी. हवेत बोलण्याआधी प्रत्येक उपकरण काही क्षण थांबतं. पहिल्या प्रयत्नात आवाजाचं पॅकेट ० ते ३ खाचा (वेळेचे अगदी छोटे तुकडे) थांबतं, सर्वसाधारण पॅकेट ० ते १५. म्हणून आवाज बहुधा आधी सुटतो. कुणीतरी कधीतरी ‘डब्ल्यूएमएम बंद केलं की वेग वाढतो’ असं ऐकून ते बंद केलेलं मला अनेकदा सापडलं आहे. ते चालू करा. ८०२.११एन पासून पुढचे वेग डब्ल्यूएमएमवरच उभे आहेत. ते बंद केलं की जोडणी ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर घसरते.

मग पट्टा, म्हणजे बँड. कॉल करणारं उपकरण ५ गिगाहर्ट्झवर आणा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या (चॅनेल) तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारचे सगळे त्याच तिघींत. २.४ वापरावीच लागली तर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की वेगाऐवजी भांडण वाढतं.

लांबच्या खोलीतलं एक मंद उपकरणही सगळ्यांना खाली ओढतं. दीड हजार बाइटचं पॅकेट ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, १ एमबीपीएसने त्याला १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ हवा इतर कुणालाच मिळत नाही. राउटरमध्ये ‘एअरटाइम फेअरनेस’ असेल तर चालू करा. त्याने पॅकेट मोजून नाही, तर हवेतला वेळ मोजून वाटणी होते.

चौथी तपासणी: डबे किती आणि नियम कुठल्या डब्यात?

कंपनीने दिलेला एक डबा, त्यामागे तुम्ही घेतलेला चांगला राउटर. क्यूओएस तुमच्या राउटरमध्ये लावलेलं, आणि टीव्ही व कॅमेरे कंपनीच्या डब्याच्या वाय-फायवर. म्हणजे निम्मी वाहतूक तुमच्या नियमांना बाजूने ओलांडून जाते. सगळी उपकरणं एकाच राउटरमागे आणा, पुढच्या डब्याचं वाय-फाय बंद करा, आणि त्यात ब्रिज मोड (तो डबा नुसता पूल राहतो, राउटरचं काम तुमचा राउटर करतो) असेल तर तो लावा. मेश (घरभर वाय-फाय पसरवणारे अनेक डबे) वापरत असाल तर नियम फक्त मुख्य डब्यात.

ही पायरी वाचायला क्षुल्लक वाटते, पण पाचवी आणि सहावी तिच्याशिवाय फुकट जातात.

पाचवी तपासणी: आधीचे नियम काढून टाका

क्यूओएस पूर्ण बंद करा आणि पहिली तपासणी पुन्हा करा. नियम साचत जातात. कुणी काय कधी लावलं ते आठवत नाही. यात तीन चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली एककाची. बँडविड्थच्या रकान्यात काही राउटर केबीपीएस (एमबीपीएसचा हजारावा भाग) मागतात, काही एमबीपीएस. २० एमबीपीएसच्या जागी नुसतं २० लिहिलं आणि राउटरने ते केबीपीएस धरलं, की नेट बंदच पडतं. उलट झालं, म्हणजे आकडा फार मोठा पडला, तर क्यूओएस चालू दिसतं आणि काहीच करत नाही. दुसरं प्रकरण जास्त फसवं. वर म्हटलेलं ‘क्यूओएस चालू करूनही फरक नाही’ हे बरेचदा एवढंच असतं. रकाना रिकामा किंवा ‘ऑटो’ ठेवला असेल, किंवा प्लॅनवर लिहिलेला आकडा टाकला असेल, तरी परिणाम तोच.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांनाच ‘हाय’. आठ उपकरणांपैकी सहा हाय असतील तर कुणीच हाय नाही.

तिसरी, पोर्टवर किंवा ॲपच्या नावावर लिहिलेले जुने नियम. आज बहुतेक सगळी वाहतूक कूटबद्ध असते, आणि वेबपान, व्हिडिओ, बॅकअप सगळं पोर्ट ४४३ वरूनच जातं. जुन्या राउटरची ‘व्हिडिओ कॉल’ नावाची यादी तिच्या काळातली ॲप ओळखते, तुमची नाही.

सहावी तपासणी: रांग स्वतःकडे ओढा

पहिल्या पाचांनी भागलं नाही तर खरी दुरुस्ती इथे आहे. शक्य असेल तर यावर एक पूर्ण सुट्टीचा दिवस द्या.

कल्पना अशी. राउटरला सांगायचं, की बाहेर जाणारा वेग मोडेमच्या वेगापेक्षा जरा कमीच ठेव. मग मोडेममध्ये रांग लागतच नाही, ती राउटरमध्ये लागते. वरचा थोडा वेग जाणूनबुजून सोडायचा आणि त्या बदल्यात रांगेचा ताबा घ्यायचा. हे लोकांना पटवणं फार अवघड जातं. ‘मी पैसे पूर्ण वेगाचे भरतो, मी कमी का करू?’ त्यांना मी दोन्ही पिंग शेजारी-शेजारी दाखवतो. मर्यादेविना ९०० मिलिसेकंद, मर्यादेसह ४५. त्यानंतर प्रश्न येत नाही.

राउटरमध्ये ‘एसक्यूएम’, ‘स्मार्ट क्यू’ किंवा ‘अँटी-बफरब्लोट’ असा पर्याय शोधा. आत पद्धत निवडता आली तर एफक्यू-कोडेल किंवा केक निवडा. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. ती रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत विलंब एकदाही ५ च्या खाली आला नाही, तर ती पॅकेट टाकायला लागते, म्हणजे पाठवणाऱ्याला हळू होण्याचा इशारा मिळतो. एफक्यू-कोडेल त्यावर प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे प्रत्येक जोडणीला, वेगळी रांग देते, आणि जो प्रवाह थोडंच पाठवतो त्याला आधी सोडते. आवाजाचा कॉल शंभरेक केबीपीएस घेतो, बॅकअप मिळेल तेवढं. त्यामुळे एकही नियम न लिहिता कॉल पुढे निघतो. या पायरीपर्यंत आलेल्या माझ्या बहुतेक दुरुस्त्या इथेच संपल्या. प्राधान्याची यादी लिहावीच लागली नाही.

केक त्याच्या पुढचं पाऊल. २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत ते सामील झालं. ते आधी उपकरणांमध्ये वाटणी करतं, मग प्रवाहांमध्ये. पन्नास जोडण्या उघडणारा एक लॅपटॉप मग एकच जोडणी असलेल्या फोनला दाबू शकत नाही. नॅटमागची (नॅट म्हणजे सगळ्या घराला बाहेर एकच पत्ता दाखवणारी राउटरची सोय) उपकरणं ओळखण्याचा पर्याय मात्र चालू करावा लागतो, नाहीतर केकला सगळं घर एकच उपकरण दिसतं.

आता आकडा कोणता टाकायचा? तारेच्या जोडणीवर मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्के चालून जातं. वायरलेसवर नाही, कारण इथे रस्त्याची रुंदीच बदलत राहते. सिग्नल चांगला असताना रेडिओ ६४-क्वॅम वापरतो, म्हणजे एका चिन्हात ६ बिट. सिग्नल खालावला की तो क्यूपीएसकेवर येतो, २ बिट. तीच हवा, तोच वेळ, माल एक तृतीयांश. त्यात संध्याकाळी टॉवरवर गर्दी. म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री गर्दीच्या वेळी, तीन दिवस मोजा. अपलोड ९, ८ आणि ५ आला तर ९ विसरा. ५ धरा, त्याचे ८५ टक्के घ्या, म्हणजे साधारण ४.२. रकाना केबीपीएसचा असेल तर ४२००. डाउनलोडचंही तसंच, पण तिथे आकडा आणखी थोडा खाली धरा, कारण उतरणारी रांग टॉवरकडे लागते आणि तुम्ही फक्त पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला मंद करू शकता.

मग चढवताना पिंग बघा. रिकाम्या वेळेपेक्षा २०-३० मिलिसेकंदच वाढ असेल तर आकडा हळूहळू वर न्या. उसळी परतली की एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा. हे गर्दीच्या वेळी करा. सकाळी शोधलेला आकडा रात्री मोडतो.

वेग ३ ते ३० असा झुलणारी ४जी-५जी जोडणी असेल तर एकच आकडा कधीच पुरत नाही. खाली धरला तर दिवसभराचा वेग वाया, वर धरला तर रात्री रांग मोडेममध्ये परत. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त फर्मवेअरवर (राउटरच्या आतल्या प्रणालीवर) ‘केक-ऑटोरेट’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग मोजत मर्यादा खाली-वर करते. चांगली चालते, पण बसवायला हात बसलेला हवा. राउटरवर दुसरं फर्मवेअर चढवण्याचा अनुभव नसेल तर एकुलत्या राउटरवर पहिला प्रयोग करू नका.

सातवी तपासणी: राउटरला झेपतंय का?

मर्यादा लावली, आकडा बरोबर आहे, तरी पिंग हलत नाही? ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन’ किंवा ‘फ्लो ऑफलोड’ बंद करा. त्यात पॅकेट मुख्य प्रोसेसरला न विचारता आडवाटेने जातात, त्यामुळे रांगेचा नियम त्यांना लागतच नाही. ते बंद केल्यावर सगळं काम प्रोसेसरवर येतं आणि जुना राउटर शंभरेक एमबीपीएसच्या आसपास धापा टाकू शकतो. डाउनलोडला झेपत नसेल तर फक्त अपलोडला मर्यादा ठेवा. त्रासाचा मोठा भाग तेवढ्यानेही जातो. नवा राउटर घेण्याचा विचार करायचाच असेल तर तो इथे, आधी नाही.

आठवी तपासणी: आता खुणा आणि वर्ग

इतकं करूनही आवाजाला खास वाट हवी असेल, उदाहरणार्थ दिवसभर कॉल घेणारं छोटं कार्यालय, तर डीएससीपी. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ६ बिटांची ही खूण असते, ० ते ६३. आवाजासाठी ४६, म्हणजे ईएफ. मागे राहिलं तरी चालेल अशा कामासाठी ८, म्हणजे सीएस१. केकमध्ये ‘डिफसर्व्ह४’ निवडलं की चार वर्ग मिळतात आणि ते या खुणा वाचतात.

एक गोम मला बराच काळ छळत होती. बरेच वाय-फाय राउटर खुणेचे फक्त वरचे ३ बिट बघतात. ४६ चे वरचे ३ बिट म्हणजे ५, आणि वाय-फायमध्ये ५ हा व्हिडिओचा वर्ग. आवाजाचे ६ आणि ७. म्हणजे नीट खूण केलेला आवाजही हवेत व्हिडिओच्या रांगेत जातो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात ही जुळवणी कशी असावी ते सांगितलं आहे. राउटरमध्ये ‘डीएससीपी ते डब्ल्यूएमएम’ असा तक्ता असेल तर ४६ ला ६ द्या.

खुणेवर बाहेर मात्र विसंबू नका. इंटरनेटवर निघाल्यावर त्या बहुधा पुसल्या जातात किंवा दुर्लक्षिल्या जातात. टॉवरवरचं प्राधान्य कंपनी स्वतःच्या वर्गांनी ठरवते. एलटीईत (म्हणजे ४जी वर) फोनचा स्वतःचा व्होएलटीई कॉल क्यूसीआय १ वर जातो (क्यूसीआय म्हणजे टॉवरवरच्या वर्गाचा क्रमांक), त्याला राखीव वेग आणि १०० मिलिसेकंदांची विलंबमर्यादा असते. इंटरनेट बहुधा क्यूसीआय ९ वर, राखीव काही नाही, मर्यादा ३००. म्हणून त्याच टॉवरवर साधा फोन खणखणीत लागतो आणि ॲपवरचा कॉल अडखळतो. यात तुमच्या सेटिंगचा काही दोष नाही आणि घरातून ते बदलताही येत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

तारेने जोडलेल्या एकाच लॅपटॉपवर, बाकी सगळं बंद असताना, बाहेरचं पिंग उसळतं किंवा शंभरात दोन-तीन पॅकेट हरवतात? मग प्राधान्याने काही होणार नाही. मोडेमच्या पानावर सिग्नल वाचा, फक्त वाचा. एलटीईत आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ९० च्या आसपास ठीक, उणे ११० च्या खाली कमकुवत. एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) १३ च्या वर चांगला, शून्याच्या खाली वाईट. आरएसआरपी चांगला पण एसआयएनआर वाईट, म्हणजे सिग्नल आहे पण गोंगाटात. खिडकीतला राउटर दुसऱ्या खिडकीत ठेवून बघा, एवढं तुमच्या हातात.

छतावरच्या अँटेनाला स्वतः हात लावू नका. उंची, वीज आणि दिशा, तिन्ही कारणांनी. अरुंद झोताचा अँटेना दोन-चार अंशांनी हलला तरी जोडणी बसते आणि परत जुळवायला साधन लागतं. सरळ रेषेत टॉवर दिसतो म्हणजे मार्ग मोकळा असतोच असं नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर रेषेभोवती सुमारे ८ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्यातला निदान ६० टक्के मोकळा हवा. दोन वर्षांत वाढलेलं झाड तो खातं, ओली पानं जास्तच खातात. ५ गिगाहर्ट्झवर पावसाचा स्वतःचा परिणाम नगण्य असतो, ६० वर तो मोठा असतो. पावसातच बिघडत असेल तर वायरच्या जोडात पाणी शिरलं आहे का ते तंत्रज्ञाला बघायला सांगा.

पॉवर इंजेक्टर (छतावरच्या रेडिओला नेटच्या तारेतूनच वीज देणारा डबा) गेला तर घरातला दुसरा लावून बघू नका. काही रेडिओ २४ व्होल्टवर चालतात, काही ४८ वर, आणि जोड सारखाच दिसतो. चुकीचा लावला तर रेडिओ जळतो. वीज कडाडून गेल्यावर नेट गेलं असेल तर काहीच उघडू नका.

कंपनीचा मोडेम कुलूपबंद असेल, ब्रिज मोड देत नसेल, तर जबरदस्ती करू नका. त्यांच्याकडूनच करून घ्या. कार्यालयात व्हीलॅन (एकाच जाळ्याचे वेगळे केलेले भाग), आयपी फोनची यंत्रणा, दोन जोडण्यांची वाटणी असेल तर आठव्या पायरीआधीच जाणकाराला बोलवा. तिथे एका चुकीच्या नियमाने सगळे फोन गप्प होतात. आणि सहावी पायरी व्यवस्थित केल्यावरही रोज संध्याकाळी ठरावीक वेळी वेग तुमच्या मर्यादेच्याही खाली जात असेल, तर टॉवरवर गर्दी आहे, ती कंपनीनेच सोडवायची.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका, त्यावर ‘राउटर बंद-चालू करा’ एवढंच उत्तर येतं. तारेने घेतलेली पिंग सांगा: रिकाम्या वेळी किती, चढवताना किती, किती पॅकेट हरवली, कोणत्या तारखेला किती वाजता, आणि त्या वेळी आरएसआरपी-एसआयएनआर काय होते. निदान तीन दिवसांचे आकडे द्या, आणि ‘घरातलं वाय-फाय वगळून मोजलं आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.